हैतीची बातमी लावताना हिशेबही छापा

मराठी दैनिकं, वृत्तवाहिन्या आणि पोर्टलांच्या परदेश-बातम्यांच्या टेबलावर बसणाऱ्या सर्व संपादक-उपसंपादकांना,

सप्रेम नमस्कार.

वर्षा-दोन वर्षांनी मातीची बिस्किटं तुमच्याकडे हमखास परत येतात. मथळा ठरलेला: 'धक्कादायक! या देशात लोक माती खाऊन जगतात'. खाली उन्हात वाळत घातलेल्या पिवळट चकत्या, मागे करुण संगीत. मजकुरात कॅरिबियन समुद्रातला हैती हा 'पश्चिम गोलार्धातला सर्वांत गरीब देश' असतो, दारिद्र्य त्याच्या 'पाचवीला पुजलेलं' असतं, आणि भूकंप, वादळं, टोळ्या अशी यादी संपली की बातमीही संपते. वाचक हळहळतो, दोन-चार ग्रुपांवर ढकलतो आणि पुढे सरकतो. मी एका तालुक्याच्या गावी वाणिज्य शाखेला अर्थशास्त्र शिकवतो. तो व्हिडिओ विद्यार्थ्यांकडून फिरत फिरत माझ्यापर्यंत पोचतोच, आणि सोबत प्रश्न येतो: "सर, ही माणसं काही कामधंदा का करत नाहीत?" मुलांना दोष देत नाही. बातमी वाचून दुसरा कुठला प्रश्न पडावा अशी सोयच तुम्ही ठेवलेली नसते. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला.

आधी त्या बिस्किटांचंच बघू. २००८ च्या जानेवारीत ही बातमी जगभर गेली ती हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समधल्या फोर्ट दिमांश नावाच्या वस्तीतून. हुकूमशहा दुव्हालिए बापलेकांच्या काळात तिथे तुरुंग होता; राजकीय विरोधक तिथे उपासमारीने आणि छळाने मेले. राजवट गेली आणि त्या जागेवर झोपडपट्टी वसली. माती यायची देशाच्या मध्यभागातल्या पठारावरून. बायका ती विकत घ्यायच्या, चाळून खडे काढायच्या, पाणी, मीठ आणि वनस्पती तूप घालून कालवायच्या, आणि चकत्या थापून उन्हात वाळत घालायच्या. गरोदर बायका आणि लहान मुलं पोटातली जळजळ शमावी, अंगाला कॅल्शियम मिळावं म्हणून ती पूर्वीपासून थोडीथोडी खात आलीच होती. आपल्याकडेही डोहाळ्यांत माती खाविशी वाटणाऱ्या बायका घराघरात होत्या, अजून आहेत. कुणी त्यांचा व्हिडिओ काढला नाही. २००८ मध्ये वेगळं घडलं ते हे की जगभर धान्याचे भाव भडकले आणि जे अधूनमधून चघळायचं होतं त्यावर काही घरांना जेवणाची वेळ मारून न्यावी लागली. तेव्हा खरी बातमी होती ती ताटातला भात कुठे गेला याची.

भाताची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती कुठल्याही मराठी शेतकऱ्याला एका दमात कळेल.

हैतीत आर्तिबोनीत नावाची नदी आहे. तिचं खोरं हे भाताचं कोठार. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत देश स्वतःला लागणारा बहुतेक तांदूळ स्वतः पिकवत होता. १९८६ मध्ये हुकूमशहा पळाला, नवं सरकार कर्जासाठी नाणेनिधीच्या दारात गेलं आणि कर्जासोबत बाजार उघडण्याची अट आली. आयात शुल्क उतरू लागलं. पुढे १९९४ मध्ये लष्कराने हाकललेले अध्यक्ष आरिस्तीद अमेरिकी सैन्याच्या मदतीने परतले, आणि १९९५ मध्ये तांदळावरचं शुल्क तीन टक्क्यांवर आलं. एकेकाळी ते ५० टक्के होतं. बंदरावर उतरला तो अमेरिकी सरकारच्या अनुदानावर पिकलेला तांदूळ. लोक त्याला 'दिरी मायामी' म्हणतात, मायामीचा तांदूळ. तो स्थानिक तांदळापेक्षा स्वस्त पडायचा. आर्तिबोनीतच्या शेतकऱ्याकडे ना अनुदान, ना ट्रॅक्टर, ना धड रस्ता. तो या भावाला कसा पुरा पडणार? त्याने जमीन पडीक टाकली आणि पोरं राजधानीत पाठवली. सिते सोलेयसारख्या वस्त्या काही आभाळातून पडल्या नाहीत. गावातून उठलेली माणसं तिथे येऊन साठली. आज हैती खातो त्यातला सुमारे ८० टक्के तांदूळ बाहेरून येतो आणि त्यातला बहुतेक अमेरिकेतून. २००८ च्या एप्रिलमध्ये भाववाढीवरून दंगली उसळल्या आणि पंतप्रधानांना जावं लागलं. त्या दिवसांत पोटातल्या भुकेला लोक 'क्लोरॉक्स' म्हणत होते. कपडे पांढरे करायचं ते द्रावण प्यायल्यावर आतडी जळावीत, तशी भूक.

याचा कबुलीजबाबही नोंदीत आहे. १० मार्च २०१० रोजी बिल क्लिंटन यांनी अमेरिकी सिनेटच्या परराष्ट्र समितीसमोर सांगितलं की आर्कान्सामधल्या, म्हणजे त्यांच्याच राज्यातल्या, काही शेतकऱ्यांचा या धोरणाने फायदा झाला असेल, पण ती चूक होती. आणि हैतीची भात पिकवण्याची ताकद गेली, तिची जबाबदारी त्यांच्यावर आहे. शुल्क उतरलं तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष तेच होते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, तेव्हा विदर्भ-मराठवाड्यात काय होणार हे समजायला तुम्हाला कुणा तज्ज्ञाची गरज पडली नव्हती. दुसऱ्याच दिवशी पानं भरली. मग ५० वरून तीन टक्क्यांची गोष्ट हैतीच्या बातमीत दोन ओळींतही का येत नाही?

भाताच्या आधी डुकरं गेली होती. काळं, आखूड पायांचं, काहीही खाऊन जगणारं गावठी डुक्कर ही तिथल्या शेतकऱ्याची बँक. पडके आंबे आणि खरकटं यावर ते वाढायचं. पोराची शाळेची फी भरायची वेळ आली, लग्न निघालं, कुणी वारलं, की एक विकायचं. १९७० च्या दशकाच्या शेवटी डुकरांवरचा आफ्रिकन ताप शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकमधून आला. साथ अमेरिकेत पोचू नये म्हणून अमेरिकेच्या पैशाने १९८२-८३ मध्ये ती जातच्या जात मारून टाकण्यात आली, निरोगी जनावरांसकट. बदल्यात आयोवातून गुबगुबीत गुलाबी डुकरं आली. त्यांना स्वच्छ पाणी हवं, विकतचं खाद्य हवं, डोक्यावर छप्पर हवं. मालकाच्या घरात यातलं काहीच नव्हतं. लोकांनी त्यांना 'चार पायांचे राजपुत्र' म्हणायला सुरुवात केली. विनोदबुद्धी शाबूत होती म्हणायची.

आता मुद्दलाकडे येतो. हे सगळं ज्या देशावर कोसळलं तो आधीच कंगाल का होता?

अठराव्या शतकात हीच भूमी सेंट-दोमँग या नावाने फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत होती. युरोपच्या साखरेचा आणि कॉफीचा मोठा वाटा इथून जायचा, आणि तो पिकवत होते आफ्रिकेतून पकडून आणलेले सुमारे पाच लाख गुलाम. १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला, पुढे नेपोलियनच्या सैन्याला हरवलं आणि १ जानेवारी १८०४ रोजी त्यांचा सेनापती देसालीन याने स्वातंत्र्य जाहीर केलं. गुलामांनी बंड करून स्वतःचा देश उभारल्याचं जगाच्या इतिहासात दुसरं उदाहरण नाही. गुलामांच्या मालकांना हे कसं पचावं? अमेरिकेने या देशाला मान्यता दिली १८६२ मध्ये, म्हणजे ५८ वर्षांनी.

फ्रान्सने तर बिल पाठवलं. १७ एप्रिल १८२५ रोजी राजा दहाव्या चार्ल्सने फर्मान काढलं: स्वातंत्र्य मान्य हवं असेल तर १५ कोटी फ्रँक भरा, पाच वार्षिक हप्त्यांत. आमच्या मळेवाल्यांची मालमत्ता गेली, तिची भरपाई. त्या मालमत्तेत जमीन होती, कारखाने होते, आणि माणसंही होती. ज्यांनी स्वतःला सोडवलं त्यांनी स्वतःचीच किंमत जुन्या मालकाला मोजायची! फर्मान घेऊन आलेल्या सरदाराच्या मागे १४ युद्धनौका उभ्या होत्या. हैतीचे अध्यक्ष बोयर यांनी सही केली.

पहिलाच हप्ता भरायला पैसे नव्हते, म्हणून पॅरिसच्याच सावकारांकडून तीन कोटींचं कर्ज काढलं. त्यातले ६० लाख त्यांनी आधीच कापून घेतले; हाती आले दोन कोटी ४० लाख, व्याज मात्र पूर्ण रकमेवर. गावच्या सावकारीच्या गोष्टी ऐकलेल्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही. १८३८ मध्ये एकूण रक्कम नऊ कोटींवर आणली गेली, पण नुकसानभरपाई आणि तिच्यापोटी घेतलेलं कर्ज फिटता फिटता १८८० चं दशक संपत आलं. पैसा यायचा कॉफीवरच्या करातून, म्हणजे डोंगरातल्या शेतकऱ्याच्या खिशातून. शाळा, रस्ते, दवाखाने यांच्यासाठी जे उरायला हवं होतं ते बोटीत बसून पॅरिसला गेलं. २०२२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पत्रकारांनी जुनी कागदपत्रं उकरून हिशेब मांडला: सुमारे ११ कोटी २० लाख फ्रँक प्रत्यक्ष भरले गेले, आजचे अंदाजे ५६ कोटी डॉलर. ही रक्कम देशातच राहून कामाला लागली असती तर तिची वाढ किमान २१ अब्ज डॉलर झाली असती, असं त्यांचं गणित. पत्रकारांनीच केलेलं हे काम आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

नंतर अमेरिकेची पाळी. १९१४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी नौसैनिक पोर्ट-ओ-प्रिन्सच्या बँकेतून पाच लाख डॉलरचं सोनं उचलून जहाजाने न्यूयॉर्कला घेऊन गेले. पुढच्या वर्षी सैन्यच उतरलं ते १९३४ पर्यंत राहिलं. २००३ मध्ये आरिस्तीद यांनी फ्रान्सकडे २१ अब्ज डॉलरहून अधिक परत मागितले, अगदी सेंटपर्यंतचा आकडा देऊन. तेव्हा हसले सगळे. २००४ च्या फेब्रुवारीत त्यांची सत्ता गेली.

इथे एक गोष्ट मोकळेपणी लिहायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल की मास्तरांनी सगळं पाप गोऱ्यांच्या माथी मारलं. हैतीच्या राज्यकर्त्यांनी आणि मूठभर श्रीमंत घराण्यांनी देश लुटण्यात हयगय केलेली नाही. १९५७ ते १९८६ दुव्हालिए बापलेकांनी तिजोरी घरची समजून वापरली आणि 'तोंतों माकूत' नावाचे गुंड लोकांवर सोडले. व्हेनेझुएलाने 'पेत्रोकारिबे' योजनेत उधारीवर तेल दिलं; ते विकून उभ्या राहिलेल्या सुमारे दोन अब्ज डॉलरमधून रस्ते, घरं, दवाखाने व्हायचे होते. २०१८ मध्ये तरुण पोरं रस्त्यावर आली ती एकच प्रश्न घेऊन: पेत्रोकारिबेचे पैसे कुठे आहेत? देशाच्या लेखापरीक्षण न्यायालयाने पुढच्या वर्षी अहवालांत ठेकेदारीतला घोळ पानोपानी मांडला. आपल्याकडच्या कॅगची आठवण यावी असंच ते वाचन आहे. माजी अध्यक्ष मार्तेली यांच्यावर कॅनडाने २०२२ मध्ये आणि अमेरिकेने २०२४ मध्ये निर्बंध लावले. तेव्हा 'बिचारे हैतीवासी' हा सूरही नको. तिथे चोर आहेत आणि चोरांना प्रश्न विचारणारेही आहेत. तुमच्या बातम्यांत यातलं कुणीच नसतं. असते फक्त माती थापणारी बाई. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार.

आणि टोळ्या. ७ जुलै २०२१ ला अध्यक्ष जोवेनेल मोईज यांचा त्यांच्या घरात खून झाला. २०१६ नंतर देशात निवडणूक झालेली नव्हती. त्या पोकळीत टोळ्या वाढल्या आणि २०२३ मध्ये 'व्हिव आन्सानम' या नावाने एकत्र आल्या. राजधानीचा बहुतेक भाग त्यांच्या ताब्यात गेला. संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये ५,६०० हून अधिक माणसं मारली गेली. २०२५ मध्ये घर सोडून पळालेल्यांची संख्या १३ लाखांवर गेली, आणि सव्वा कोटीच्याही आत असलेल्या या लोकसंख्येत सुमारे ५७ लाखांना पोटभर अन्न मिळत नव्हतं. शाळेच्या वर्गांत कुटुंबं राहतात. पाणी बादलीवर विकत, स्वयंपाक कोळशावर. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पाँ-सोंदे या गावात टोळीने शंभराहून अधिक माणसं मारली. नकाशा काढून बघा, हे गाव त्याच आर्तिबोनीतच्या भातखोऱ्यात आहे. दिरी मायामीनंतरही जे शेत टिकून होतं त्याच्यावर आता टोळीवाला खंडणी बसवतो.

या बातम्यांत एक ओळ घालत जा: हैतीत बंदुका बनत नाहीत. त्या बहुतेक अमेरिकेतून येतात, त्यातही फ्लोरिडाच्या बंदरांतून, कपड्यांच्या आणि धान्याच्या खोक्यांत लपवून. संयुक्त राष्ट्रांचे अहवाल हे वर्षानुवर्षं सांगत आहेत.

संयुक्त राष्ट्रांचं नाव निघालंच आहे तर कॉलरा राहायला नको. शंभर वर्षांत हैतीत कॉलऱ्याची नोंद नव्हती. २०१० च्या भूकंपानंतर काही महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, मिरबालेजवळच्या शांतिसैनिकांच्या छावणीतली घाण आर्तिबोनीतला मिळणाऱ्या ओढ्यात गेली. आठ लाखांवर लोक आजारी पडले, जवळजवळ दहा हजार मेले. संघटनेने आपली भूमिका कबूल करून माफी मागितली ती २०१६ च्या डिसेंबरमध्ये. ४० कोटी डॉलरची योजना जाहीर झाली आणि त्यातला थोडासाच पैसा जमला. पीडितांनी अमेरिकी न्यायालयात दाद मागितली, तर संघटनेला कायद्याचं संरक्षण आहे म्हणून दावा टिकला नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये भारताने 'ऑपरेशन इंद्रावती'खाली १२ भारतीयांना हैतीतून डॉमिनिकन रिपब्लिकला हलवलं, तेव्हा दोन दिवस हा देश तुमच्याकडे होता. पडद्यावर नकाशासुद्धा दाखवला गेला. आपली माणसं सुटली आणि नकाशा उतरला. आपल्या माणसांची काळजी आधी, हे बरोबरच. पण भारताच्या निमलष्करी पोलिसांच्या तुकड्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत त्याच देशात वर्षानुवर्षं तैनात होत्या. त्यांतल्या जवानांना शोधून तिथल्या रोजच्या जगण्याबद्दल बोलतं करावं, असं एखाद्या रविवार पुरवणीला सुचू नये?

माझं म्हणणं एवढंच. गरिबी छापा, पण तिचा हिशेबही छापा. प्रत्येक बातमीत १८२५ पासून सुरुवात करा असं मी म्हणत नाही. जागेची अडचण मलाही कळते. पण मातीच्या बिस्किटांच्या बातमीत तांदळाच्या शुल्काची एक ओळ, टोळीच्या बातमीत बंदुकीच्या वाटेची एक ओळ, कॉलऱ्याच्या बातमीत छावणीची एक ओळ, एवढं तर कुठल्याही चौकटीत मावतं. जुना व्हिडिओ लावला तर त्यावर वर्ष टाका. 'शापित देश' हे शब्द बंद करा. सैतानाशी करार केला म्हणून हैतीवर संकटं येतात, असं एका अमेरिकी टीव्ही-धर्मगुरूने भूकंपानंतर म्हटलं होतं. ती परंपरा मराठीत चालवायचं काही कारण नाही.

वृत्तसंस्थेच्या तारेवर सगळं भागवू नका, असंही सुचवतो. 'ल नुव्हेलिस्त' हे तिथलं १८९८ पासूनचं दैनिक. २०२४ मध्ये टोळ्यांनी त्याचं कार्यालय लुटलं, छापील अंक बंद पडला, तरी ते इंटरनेटवर निघतं. भाषांतराची साधनं आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत. आणि तिथे काम करणं म्हणजे काय, हेही तुमच्या वाचकांना सांगा: २४ डिसेंबर २०२४ रोजी राजधानीतलं मोठं सरकारी रुग्णालय पुन्हा सुरू होणार होतं, त्या कार्यक्रमाची बातमी घ्यायला जमलेल्या पत्रकारांवर टोळीने गोळीबार केला. दोन पत्रकार आणि एक पोलीस जागीच गेले. तुमच्याच धंद्यातली माणसं.

पुढच्या काही महिन्यांसाठी दोन विषय सुचवून थांबतो. पहिला, १७ एप्रिल २०२५ ला, त्या फर्मानाला दोनशे वर्षं झाली त्या दिवशी, फ्रान्सचे अध्यक्ष माक्राँ यांनी दोन्ही देशांतल्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग जाहीर केला. पैसे परत करण्याबद्दल ते काही बोलले नाहीत. आयोगाचं पुढे काय झालं, यावर लक्ष ठेवा.

दुसरा विषय वानामिंतच्या कालव्याचा. ईशान्य सीमेवरचं हे गाव. तिथल्या नदीचं पाणी शेतात घ्यायला लोकांनी २०२३ मध्ये अर्धवट पडलेला कालवा स्वतः खोदायला घेतला. डॉमिनिकन रिपब्लिकने चिडून १५ सप्टेंबरला सगळी सीमा बंद केली, बाजार ठप्प झाला. लोक हटले नाहीत. आपल्याकडच्या इर्जिकीसारखी तिथे 'कोंबीत' नावाची रीत आहे. त्या रीतीने कुणी फावडं घेऊन आलं, कुणी सिमेंटच्या गोण्या, बायकांनी कामावरच्यांसाठी हंडे चढवले, परदेशातल्या हैतीवासीयांनी पैसे पाठवले. 'कालवा थांबणार नाही' ही घोषणा भिंतींवर, गाण्यांत, टी-शर्टांवर गेली. पुढच्या वर्षी त्यातून पाणी वाहू लागलं आणि मारिबारूच्या मैदानात भाताची रोपं लागली. याची बातमी मी मराठीत शोधली, मला सापडली नाही. कुणी केली असेल तर कात्रण पाठवा, वर्गात वाचून दाखवीन.

आपला,
एक नियमित वाचक